तात्यांचं इमान

श्री. मारुतराव ऊर्फ तात्यासाहेब यांची नि माझी पहिली ओळख झाली ती दाराच्या फटीतून. त्यांच्या दिनकरसाठी ते आमची सुशीला बघायला आले होते. मी आतल्या दाराआड उभी होते, कारण होणाऱ्या व्याह्यांसमोर बाईनं बैठकीत जाऊन बसायची आमच्याकडे रीत नाही. बघायची मात्र रीत आहे. फट त्याचसाठी असते.

बैठकीच्या कोनाड्यात एक लाकडी बैलगाडी होती. सुशी लहान असताना बेंदराच्या सणाला आमच्या मालकांनी तिला करून दिली होती. पोहे आले, चहा आला, सुशी येऊन नमस्कार करून उभी राहिली, आणि तात्यासाहेबांची नजर त्या गाडीवर. त्यांनी विचारलं, हात लावला तर चालेल का. मालक म्हणाले, लावा की. त्यांनी गाडी तळहातावर घेतली, खालून बघितली, एक डोळा मिटून समोरून बघितली आणि म्हणाले, "पाव्हणं, चाक गाडीच्या मानानं मोठं वाटतंय. बैल कुठं हायत ह्याचं?"

बैल केलेच नव्हते. बैल नाहीत तर मग चाक मोठं का लहान ते सांगता येत नाही, असं म्हणून त्यांनी गाडी जागेवर ठेवली आणि मग सुशीला तिचं नाव विचारलं. पाहुणे गेल्यावर मालक मला म्हणाले, "ह्यो मानूस सून बघाय आलाय का चाक?" पण पुढच्या आठवड्यात हळदपेठेतनं येताना त्यांनी लाकूड आणलं नि गुपचूप बैल केले. चाक मोठंच निघालं. मालक म्हणाले, पोरगी द्यायला हरकत नाही, माणूस तोंडावर बोलतोय.

यंदा तात्यासाहेबांना साठ वर्षं पुरी झाली. आपल्या मंडळानं त्यांच्या नावानं पुस्तक काढायचं ठरवलं आणि मला दोन पानं लिहायला सांगितली. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. मंडळाचे चिटणीस म्हणाले, आजी, तुम्ही बोलता तसं लिहा, आम्ही शुद्ध करून घेऊ. घ्या बापडे. एवढीच विनंती, की मी कुठं इमान लिहिलं असेल तर ते विमान करू नका. आमच्या तोंडात तेच बसलंय, तात्यांच्याही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तात्यासाहेब मूळचे कोरेगावकडचे, फौजेत जमादार होते. मागच्या लढाईत त्यांच्याकडे लाकडाची बारकी विमानं करायचं काम होतं. मला वाटायचं साहेबांच्या पोरांना खेळायला असतील. तसं नाही. शिपायाला आकाशात बघून आपलं कुठलं नि शत्रूचं कुठलं हे ओळखता आलं पाहिजे, म्हणून हुबेहूब लहान विमानं करून त्यांच्यापुढं दोऱ्याला टांगायची. मी एकदा विचारलं, थोडंफार इकडं तिकडं झालं तर काय बिघडतं? तेव्हा ते म्हणाले, "नाक आखूड झालं तर शिपाई आपल्याच मान्सावर बंदूक धरंल." त्या दिवसापासून मी थोडंफार हा शब्द त्यांच्यासमोर काढत नाही.

पेन्शन घेऊन ते सांगलीला दिनकरच्या घरी राहायला आले, आमच्याच गल्लीत; दिनकरराव तेव्हा अजून फौजेत. वेळ जाईना. पेठेत आपल्या बाळगोंडा आण्णांचं दुकान. वह्या, दौती, रंग, खेळणी. आण्णा मुंबईहून त्या परदेशी पेट्या आणत. आत विमानाचे किंवा जहाजाचे तुकडे, एक नकाशा, गोंदाची नळी, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं. घेणाऱ्यानं घरी जोडायचं. वरचं चित्र इतकं झकास की बघणारा भुलतोच, आणि आत काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. वकिलापासून कंपाउंडरापर्यंत थोरामोठ्यांना ह्याचा नाद लागलेला. त्यातूनच पुढं आपलं मंडळ झालं.

आण्णा जैनाचे, शब्दाला फार जपणारे. गिऱ्हाईक पेटी परत घेऊन आलं की त्यांना जेवण जात नसे. त्यांनी तात्यांना विनवलं, नवीन माल आला की आधी एक पेटी तुम्ही जोडून बघा. झालं, तेव्हापासून तात्यांची सकाळ मोकळी राहिली नाही.

त्यांची पद्धत मी कितीदा तरी वाती वळत बघितली आहे. तोवर मी विहीण होऊन जुनी झाले होते, तरी दाराआडूनच. पेटी उघडायची, आधी लाकडाचा वास घ्यायचा. कोंदट आला तर ओलं लाकूड, पुढं वाकणार. मग खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर एकेक फळी ठेवून खालून उजेड दिसतो का बघायचं, दिसला तर फळी वाकडी. नकाशा भिंतीला लावायचा. नकाशात एकच विमान तीनदा काढलेलं असतं, एकदा वरून, एकदा बाजूनं, एकदा समोरून. मला ते कळेना. तात्यांनी दारापाशी येऊन समजावून सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, असं होय, आम्ही बायका सून बघतो तसं. ते म्हणाले, तसंच, फक्त इमान लाजत नाही.

आणि मुख्य नेम असा, की पहिल्यांदा जोडताना पेटीत जे दिलंय तेवढ्यावरच भागवायचं. आपली कानस लावायची नाही, आपला चाकू लावायचा नाही. कारण घेणाऱ्याच्या घरी जमादाराचा हात नसतो. जोडून झालं की ते तीनपैकी एक शब्द बोलत. तुकड्यात तुकडा आपसूक गेला तर "बसलं". जोर लावून, दाबून, लाडीगोडी करून गेला तर "बसवलं". आणि गेलाच नाही तर "बसत न्हाई". बसलं आणि बसवलं यात एका अक्षराचा फरक, पण आण्णा त्यावर दुकान चालवत. बसलं म्हटलेली पेटी पुढच्या फळीवर, बसवलं ती मागं, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगून द्यायची. तिसरी मुंबईला परत.

पेटीबरोबर घ्यायच्या वरकड वस्तूही येत. नाकावर लावायचे पितळेचे पंखे, रबरी चाकं, वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक टप. जोडणाऱ्याला वाटतं हे घेतलं की आपलं विमान खऱ्यासारखं होईल. तात्यांचा त्यावर एकच प्रश्न, ह्याच्यावाचून नडलंय काय? एकदा शिशाचा वैमानिक आला होता, चष्मा, टोपी, मिशा, सगळं हौसेनं रंगवलेलं. आण्णा त्याच्यावर बेहद्द खूश. तात्यांनी त्याला विमानात धरून बघितलं नि म्हणाले, "आण्णा, मान कापल्याबिगर ह्या गड्याला आत बसता यायचं न्हाई." आण्णा हसून हसून लाल. तो वैमानिक पुढं दिवाळीला कुणाच्या तरी किल्ल्यावर पहारेकरी म्हणून उभा राहिला.

हे सगळं सांगायचं तर रागीट माणूस डोळ्यांपुढं येईल. तसे ते नाहीत. आपल्या मंडळातले कंपाउंडर एकदा जहाज घेऊन आले, डोलकाठ्या सगळ्या एका बाजूला कललेल्या. टॉवेलात झाकून आणलं होतं, जसं काही चोरीचं. तात्यांनी कुणी बिघडवलं असं विचारलं नाही. म्हणाले, कुठं अडलं? त्यांचा नेहमीचा प्रश्न तो. मग दोघंही दुपारभर भोकं बुजवत बसले. सुशी चहा देऊन देऊन दमली. ते जहाज आज कंपाउंडरांच्या कपाटात आहे आणि ते त्याच्याविषयी बोलतात ते मुलीचं लग्न झाल्यासारखं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी पाटी-पेन्सिल सोडल्यावर इतक्या वर्षांनी टाक हातात धरला.

लढाई संपली तसे दिनकररावही फौजेतून सुटून आले. नोकरी नाही. परदेशी पेट्या तोवर दुर्मिळ होत चाललेल्या, मग त्यांनी मनात घेतलं की आपणच पेटी करायची. ते बाल्सा का काय म्हणतात ते हलकं लाकूड आपल्याकडे नाही, पण पांगारा आहे की. कुंपणाला पांगारा, विहिरीवर पांगारा, उचलला तर भाकरीच्या टोपलीएवढा हलका. एक विमान त्यांनी संबंध आपल्या हातानं कापून जोडलं. देखणं झालं. आण्णा म्हणाले, दिवाळीला सगळा माल मी घेतो, पण रिवाजाप्रमाणं तात्यांनी शब्द दिला पाहिजे.

दुसरीकडे मुंबईहून दिनकररावांच्या फौजेतल्या सोबत्याचा निरोप आला होता, कारखान्यात जागा धरून ठेवली आहे, दिवाळीपर्यंत ये. म्हणजे पेट्या पसंत पडल्या तर बिऱ्हाड सांगलीत, नाही पडल्या तर मुंबईला. आणि बिऱ्हाडात आमची मंदा. तेव्हा ती नुकती बोलायला लागलेली, रोज सकाळी डुलत डुलत गल्ली ओलांडून माझ्याकडे दूधभात खायला येणारी. तिच्याविषयी इथं लिहायला लागले तर तात्यांचं पुस्तक राहून जाईल. एवढंच सांगते, की मुंबई हा शब्द ऐकला की माझा घास तोंडात फिरायचा.

त्या साली स्वराज्य आलं होतं, दिवाळी तोंडावर होती. माल तयार झाला. आण्णा आले, सोप्यात बसले. दिनकररावांनी एक पेटी तात्यांपुढं ठेवली. सुशी नि मी दाराआड, मंदा माझ्या कडेवर. तात्यांनी वास घेतला, काच लावली, मान हलवली. धड जोडलं. शेपूट बसलं. मग धडाच्या खाचेत पंख सरकवायला गेले आणि थांबले. फिरवून बघितलं, उलट करून बघितलं. पंख खाचेच्या तोंडाशी अडून राहिला.

दिनकरराव म्हणाले, "तात्या, जरा कानस मारली की जाईल."

"जाईल की. मारायची कुणी?"

"घेनाऱ्यानं."

"मग त्येला कानस बी पेटीतनं दे," तात्या म्हणाले, "आन् मारायला मानूस बी."

आण्णा पागोटं सारखं करत म्हणाले, तात्या, मला आपला नेहमीचा एक शब्द सांगा म्हणजे मी उठतो. तात्यांनी पंख खाली ठेवला. त्यांनी लेकाकडे बघितलं, पण सांगितलं आण्णांनाच.

"बसत न्हाई."

दिनकरराव उठून बाहेर गेले. आण्णा गेले. सुशीनं पेटारा काढला आणि लुगड्यांच्या घड्या घालायला लागली. मला राहवलं नाही. मंदाला खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि जन्मात पहिल्यांदा दार ओलांडून व्याह्यांसमोर उभी राहिले.

मी म्हणाले, "आवं तात्या, एक डाव बसलं म्हनला आस्ता तर काय आभाळ कोसळलं आस्तं?"

लोकांना वाटेल मला आता त्याचं वाईट वाटत असेल. मुळीच नाही. नात जात असेल तर मी आजही तेच म्हणेन.

तात्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघायची रीत नव्हती, तरी बघितलं. डोळे भरलेले होते. "विहीणबाई, माजी बी नात हाय ती," ते म्हणाले. "मी म्हनीन की बसलं. पर इमान ऐकंल का?"

मी तिथंच जोत्यावर बसले. तेही बसून राहिले. मग त्यांनी तो पंख पुन्हा हातात घेतला, आणि मी बघितलं की त्यांच्या तोंडावरचं दुःख हळूहळू बाजूला सरकतंय आणि तिथं दुसरंच काही येतंय. मालकांची गाडी तळहातावर घेतली होती तेव्हा होतं तसलं. ते पुटपुटले, पंख वाकडा न्हाई, खडबडीत न्हाई, सगळीकडनं सारखाच थोराड हाय. आळशानं कापलेला नव्हे हा. मग कुठं अडलं?

त्यांनी हाक मारून दिनकररावांना आत बोलावलं आणि विचारलं, पंख तू कापलेस का? तर नाही. घाई झाली म्हणून पंख गल्लीच्या टोकाच्या किसन सुताराला दिले होते. तात्या चपला घालून निघाले. मीही मागून निघाले, कारण दार एकदा ओलांडलेलं होतं.

किसन म्हणजे गरीब गाय, पण सुतारकीचा अभिमान मोठा. तात्यांनी त्याचा गज मागितला तसा तो सावध झाला. चुकलं काय, म्हणाला. तात्या म्हणाले, "चुकलं न्हाई रं. मापलंस कशानं तेवढं बघायचंय."

"कशानं म्हंजी? तसूनं. दिनकरनं आकडं सांगितलं, म्या कापलं. आकड्याला का शेपूट आस्तंय?"

तिथं उलगडा झाला. दिनकररावांनी नुसते आकडे सांगितले होते, आणि फौजेतल्या माणसाच्या डोक्यात आकडा म्हणजे इंच. किसनच्या डोक्यात आकडा म्हणजे तसू, सुताराच्या गजावर असतो तो. तसू हा इंचाहून थोडकाच मोठा. दाराच्या चौकटीत फरक पडला तर लगेच दिसेल, हाताएवढ्या पंखात डोळ्याला कळत नाही, खाचेला कळतं. दोघंही बिनचूक आणि मिळून चुकलेले. किसन म्हणाला, मग इंच म्हणून सांगायचं नव्हं का. दिनकरराव म्हणाले, इंचाशिवाय कोण काय मापतं? किसन म्हणाला, तुझं घर तसूत बांधलंय लेका, त्यातच ऱ्हातोस.

पण उलगडा होऊन पेटीत काय पडलं? पंख आपणच घासून बारके करावेत तर त्यांचा घाट जातो, नव्यानं कापायचे तर लांब, सरळ रेघांचं लाकूड लागतं, ते सगळं संपलेलं, आणि दिवाळी जवळ आलेली. आम्ही परत आलो. तात्या किसनचा गज मांडीवर घेऊन बसले. आणि एकाएकी मला म्हणाले, "विहीणबाई, चोळी शिवताना बाही मोठी झाली तर काय करता?"

मी म्हणाले, "बाहीचं कापड वाया कशाला घालवायचं? अंगच सैल कापते. पोरीला म्होरल्या साली येतंय."

ते हसले. असे हसले की सुशी पेटाऱ्याजवळून उठून बाहेर आली. मला काही कळेना. ते आजही सगळ्यांना सांगतात की ती युक्ती माझी. मंडळी, माझी कसली? मी चोळीचं बोलले. विमानाला चोळी आहे हे त्यांना दिसलं.

पंख तसूतले आहेत, तर धडही तसूतच कापायचं. शेपूटही तसूत. सगळंच एका मापानं वाढलं तर खाच वाढणार, पंख बिनबोभाट आत जाणार, आणि विमानाचा तोंडवळा नकाशात आहे तोच राहणार, फक्त थोरल्या भावासारखा. धडाला आखूड तुकडे चालतात, ते शिल्लक होते. किसन करवत घेऊन तात्यांच्या सोप्यातच येऊन बसला. दिनकररावांनी इंचपट्टी खुंटीला टांगली.

मध्ये एकदा पुन्हा अडलंच. दिनकररावांनी मुंबईहून तयार चाकं आणली होती, ती ह्या थोरल्या विमानाला पाखराचे पाय लावल्यासारखी दिसायला लागली. दिनकरराव म्हणाले, राहू द्या, कोण बघतंय. तात्यांनी चाक लावून विमान पाटावर ठेवलं, तर नाक पाटाला टेकलं. बघायची गरजच उरली नाही. मग पेठेतल्या कातारी मामांकडून, ते भोवरे नि लाटणी करतात ना, त्यांच्याकडून लाकडी चाकं कातून घेतली. तसूनंच.

पुन्हा आण्णा आले. पुन्हा पेटी आली. ह्या वेळी मी दाराआड नव्हते, जोत्यावर होते, आणि तात्यांनी माझ्यासाठी पाट सरकवला होता. कानस दूर ठेवलेली. धड, शेपूट, मग पंख. तात्यांनी पंख खाचेशी नेला आणि बोट काढून घेतलं. तो आपल्या वजनानं आत उतरला. तात्यांनी विमान उचलून एक डोळा मिटून समोरून बघितलं. आण्णा म्हणाले, तात्या, शब्द?

"बसलं," तात्या म्हणाले.

पण एवढ्यावर सोडतील तर ते तात्या कसले. पेटीवर ठळक लिहिलं पाहिजे म्हणाले, माप तसूत आहे, मुंबईची चाकं बसणार नाहीत. दिनकररावांचं तोंड उतरलं, असं लिहिलेली पेटी घेणार कोण? आण्णा मात्र व्यापारी. ते म्हणाले, "लिवा की. इंग्रज गेला, त्येचा इंच बी गेला. म्हना, आपल्या मापाचं इमान हाय." आणि त्यांनी ते तसंच खपवलं. मंडळातल्या कित्येकांच्या घरी आज ते विमान आहे. तुमच्या घरी असेल तर त्याच्या पंखाला हात लावून बघा, बोटाला सांधा लागणार नाही.

सुशीनं लुगडी पेटाऱ्यातनं काढून पुन्हा दांडीवर टाकली. त्या घड्यांचा आवाज मी ऐकला. लुगड्याच्या घडीला आवाज असतो हे मला तेव्हा कळलं. मुंबईच्या सोबत्याला दिनकररावांनी नाही म्हणून कळवलं. मंदा दुसऱ्या दिवशी सकाळी डुलत डुलत आली, दूधभात खाल्ला, सांडला, आणि परत गेली, जसं काही तिच्यावरनं काही गेलंच नव्हतं.

तात्यासाहेब त्या दिवशी खोटं बोलले असते तर माझी नात दिवाळीपुरती राहिली असती. गिऱ्हाइकं पेट्या परत घेऊन आली असती, आणि मग मुंबई काही टळली नसती. हे मला पुढं उमगलं. पण माणूस थोर आहे हे मला त्यामुळं वाटत नाही. नाही म्हणून झाल्यावर ते उठून गेले नाहीत, म्हणून वाटतं. पंख हातात घेऊन बसून राहिले, कुठं अडलं म्हणून.

त्यांची तब्येत ठणठणीत आहे. गुडघा थोडा धरतो, त्याला मी निर्गुडीचा पाला देते आणि ते तो बिनतक्रार बांधतात. डोळे शाबूत आहेत, हात कापत नाहीत, नव्या पेटीचा वास घ्यायची हौस तशीच आहे. देवानं ते सगळं तसंच ठेवावं. मंडळाच्या पुस्तकात सगळे त्यांना शतायुषी व्हा म्हणतील. मीही म्हणते, व्हाच. पण तात्या, ती सगळी वर्षं आमच्या गल्लीतच काढायची, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ.